कापड आणि तार यांचा सांधा

बेंगळूर शहराच्या जुन्या पेठेत चिकपेट नावाचा एक भाग आहे. रेशमी साड्यांची दुकाने तेथे इतक्या दाटीने वसली आहेत की, एका दुकानाच्या पायरीवरून उतरलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाच्या पायरीवरच पाय ठेवते. तेथून थोडेसे चालून गेले की सादर पत्रप्पा रस्ता लागतो. गावातील लोक त्याला नुसते एस. पी. रोड म्हणतात. ह्या रस्त्यावर रोधक, धारित्रे, मंडलपट्ट्या, घटमाला, तारांची वेटोळी आणि संगणकाचे सुटे भाग यांचा बाजार भरलेला असतो. पहिल्या बाजारात गिऱ्हाईक माल हातात घेऊन त्याचा मऊपणा पाहते. दुसऱ्या बाजारात मालाचा कठीणपणा आणि त्याच्या पायांचा सरळपणा पाहिला जातो. हे दोन्ही बाजार शेजारी असूनही त्यांची गिऱ्हाइके क्वचितच एक असतात.

गेल्या सुमारे तीस वर्षांत मात्र ह्या दोन्ही बाजारांतला माल एकाच वस्तूत आणण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. अंगात घालावयाचा सदरा, पण त्याच्या विणीतच विद्युत्प्रवाह वाहून नेणारे धागे आहेत. त्या धाग्यांना लहान लहान संवेदक आणि दिवे जोडलेले आहेत. आणि सदरा घालणाऱ्याच्या हृदयाची गती, त्याच्या शरीराचे तापमान किंवा त्याच्या श्वासाची लय यांची नोंद आपोआप होत आहे, असे त्या वस्तूचे स्वरूप असते. अशा वस्त्राची बातमी वाचणाऱ्याला वाटते की, त्यातील अवघड भाग संवेदकाचा किंवा संगणकाचा असेल. वस्तुतः ते भाग आज बाजारात तयार मिळतात. अडचण येते ती जेथे कठीण घटक मऊ कापडाला भेटतो त्या बिंदूवर. तो सांधा किती टिकतो, त्यावर साऱ्या वस्त्राचे आयुष्य अवलंबून असते.

ह्या सांध्याचे महत्त्व बेंगळुरातच घडलेल्या एका कामावरून चांगले ध्यानात येते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची 'डेबेल' ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी जैव-अभियांत्रिकी व विद्युत्-वैद्यक प्रयोगशाळा १९८२ साली ह्या शहरात स्थापन झाली. सैनिक आणि वैमानिक यांचे शरीर व त्यांची साधने यांचा मेळ घालणे हे तिचे कार्य होय. लढाऊ विमानात वैमानिकाला प्राणवायू पुरविण्याच्या यंत्रणेवरही तिने काम केले आहे. ह्या प्रयोगशाळेतील पी. एस. पांडियन आणि त्यांचे सहकारी यांनी 'स्मार्ट व्हेस्ट' नावाच्या एका सदऱ्याचे वर्णन २००८ साली 'मेडिकल इंजिनिअरिंग अँड फिजिक्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सदरा धुता येण्याजोगा होता. तो घालणाऱ्याचा हृद्‌विद्युत् आलेख, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा ईसीजी, त्याच्या नाडीची प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेली नोंद, तापमान, रक्तदाब, हृदयाची गती आणि त्वचेची विद्युत्वाहकता, इतक्या गोष्टी तो टिपून घेई. प्रत्येक संकेताची सेकंदाला २५० वेळा मोजणी होई, आणि ती मोजणी, सदरा घालणारा कोठे आहे त्या ठिकाणासह, बिनतारी मार्गाने दूरच्या केंद्राकडे पाठविली जाई. रुग्णालयात ईसीजी काढताना त्वचेवर जो ओलसर लेप लावतात त्याचा येथे उपयोग नव्हता. शुद्ध चांदीची पूड मिसळलेल्या सिलिकॉन रबराचे विद्युदग्र सदऱ्यात बसविलेले होते.

आता अशी कल्पना करावी की, दूरच्या केंद्रात बसलेल्या डॉक्टरांसमोर पडद्यावर एका जवानाच्या हृदयाचा आलेख वर-खाली होत सरकत आहे आणि एकाएकी तो सपाट होतो. जवान पन्नास किलोमीटर दूर आहे. त्याला हात लावून पाहता येत नाही. सपाट रेषेचे दोन अर्थ संभवतात. एक, हृदय थांबले. दुसरा, सदऱ्यातील एक टाका निसटला. ह्या दोन अर्थांतील अंतर एका माणसाच्या प्राणाएवढे आहे, आणि पडद्यावर मात्र दोन्हींची रेषा सारखीच दिसते.

कलाबतू आणि टेलिफोनची दोरी

विद्युत्वाहक धागा ही काही नवीन वस्तू नव्हे. महाराष्ट्रातील वाचकाला ती जरीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तारकस चांदीची कांडी क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची केसासारखी तार काढतो. ती तार ठोकून किंवा दाबून चपटी केली की तिला बादला म्हणतात. आणि हा बादला रेशमाच्या धाग्यावर मळसूत्रासारखा गुंडाळला की कलाबतू तयार होतो. आतील रेशीम ताण सहन करते, बाहेरील धातू चकाकतो. येवल्याच्या पैठणीत हा धागा आजही विणला जातो. पैठणीचे रेशीम बेंगळूरकडून येते आणि जर सुरतेहून, हे तेथील विणकर सांगतात. तेव्हा बेंगळूरच्या रेशमाला आणि धातूच्या धाग्याला महाराष्ट्रातील मागावर एकत्र येण्याचा सराव पूर्वीपासूनच आहे. धातू बाहेरच्या बाजूस उघडा असल्यामुळे अस्सल कलाबतूतून विद्युत्प्रवाह सहज वाहतो. विणकराच्या मनात तो उपयोग कधी आला नाही, एवढेच.

परंतु १९९७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ ह्या दोन संशोधकांच्या मनात तो आला. भारतात विणल्या जाणाऱ्या एका पातळ रेशमी कापडाकडे त्यांचे लक्ष गेले. त्या कापडाच्या उभ्या धाग्यांत नुसते रेशीम होते. आडव्या धाग्यांवर मात्र तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. त्यामुळे प्रवाह आडवा वाहू शके, उभा वाहू शकत नसे. दोन आडव्या धाग्यांमध्ये थोडी जागा सुटलेली असल्याने प्रत्येक धागा म्हणजे एक स्वतंत्र तारच झाली. संगणकात एका पट्टीत अनेक तारा शेजारी शेजारी बसविलेल्या असतात, तशीच ही रचना हातमागावर आयती तयार झाली होती. ह्या कापडावर त्या दोघांनी लहान घटक प्रत्यक्ष जोडून दाखविले. त्याच सुमारास, १९९६ साली, जॉर्जिया तंत्रज्ञान संस्थेत सुंदरेसन जयरामन यांनी अमेरिकन नौदलासाठी संवेदक सदऱ्याचे काम सुरू केले होते. त्यांच्या सदऱ्यात प्रकाशतंतूही विणलेले होते, कारण गोळी कोठे लागली हे तुटलेल्या तंतूवरून कळावे असा त्यांचा उद्देश होता.

कलाबतूचा एक सख्खा भाऊ अनेक घरांत वर्षानुवर्षे टांगलेला होता, आणि तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. स्वतंत्र भारतातील टेलिफोनचा कारखाना, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ साली बेंगळुरातच उभा राहिला. जुन्या टेलिफोनचा कानाला लावावयाचा भाग ज्या दोरीने यंत्राला जोडलेला असे, ती दोरी दिवसातून पन्नास वेळा ताणली, मुरडली आणि बोटांना गुंडाळली जाई. साधी तांब्याची तार असे हाल फार काळ सोसत नाही. म्हणून टेलिफोनच्या दोरीसाठी जगभर एक निराळीच तार वापरीत: सुताच्या किंवा रेशमाच्या गाभ्यावर तांब्याची चपटी पट्टी गुंडाळलेली. ही कलाबतूचीच रचना होय. फरक एवढाच की तिच्यावर रबराचे वेष्टन चढवून ती लपविलेली असे. ह्या तारेच्या टोकाला डाख देण्याच्या भरीस टेलिफोनचे कारागीर सहसा पडत नसत. ते टोकावर पितळेची एक छोटी नळी किंवा पत्र्याची पकड घालीत आणि ती जोराने चेपून बसवीत. पकडीचे दात सुतापर्यंत रुतत, त्यामुळे ताण सुतावर पडे, आणि जाता जाता तांब्याच्या पट्टीशीही त्यांची पक्की गाठ पडे. कापडाच्या सांध्याचा प्रश्न अशा रीतीने टेलिफोनवाल्यांनी फार पूर्वी अर्धा सोडविला होता.

डाख का तुटतो

एस. पी. रोडवरील कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात दोन तारा जोडावयाच्या झाल्या तर कारागीर प्रथम सोल्डरिंग आयर्न हाती घेईल. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो; शिसे नसलेला डाख सुमारे २१७ अंशांना. आयर्नचे टोक मात्र ३०० अंशांहूनही अधिक तापलेले असते, कारण उष्णता सांध्यात लवकर शिरावी लागते. आज बाजारात मिळणारा विद्युत्वाहक धागा बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा असतो. नायलॉन त्याच्या प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे डाख वितळेपर्यंत धाग्याचा गाभाही वितळण्याच्या बेतात आलेला असतो. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. वितळलेल्या कथिलात चांदी विरघळते. चांदीचा जाड तुकडा असेल तर त्याची चिंता नाही. परंतु धाग्यावरील मुलामा इतका पातळ असतो की, डाख लागताच तो त्यात नाहीसा होऊ शकतो, आणि मागे उरते ते उघडे नायलॉन. पोलादी तंतूंचा धागाही मिळतो. तो वितळत नाही, पण त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडच्या थरामुळे नेहमीची राळ लावून त्याला डाख धरतच नाही. पोस्ट आणि ऑर्थ यांचे काम निभावले ते रेशमामुळे. रेशीम वितळत नाही. फार तापले तर करपते, पण क्षणभराचा चटका सोसते. अलीकडे बिस्मथ आणि कथील यांचा १३८ अंशांना वितळणारा डाखही वापरतात, परंतु तो ठिसूळ असतो.

समजा, डाख नीट लागला. तरी संकट टळत नाही. वितळलेला डाख केशाकर्षणाने तंतूंमध्ये थोडा वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा. जेथवर तो चढला तेथवर धागा काडीसारखा ताठ होतो. त्यापुढे तो पूर्वीसारखाच लवचिक राहतो. सदरा घालणारा वाकला, वळला, हात वर केला, की लवचिक भाग वाकतो आणि ताठ भाग वाकत नाही. सारे मुरडणे त्या दोन भागांच्या सीमेवर, केसभर जागेत, एकवटते. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून तोडण्याची युक्ती प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. तीच येथे नकळत चालू राहते. म्हणूनच तुटलेला सांधा तपासणाऱ्याला डाखाचा मणी जागच्या जागी शाबूत दिसतो आणि त्याच्या कडेला धागा मात्र तुटलेला असतो. अंगालगत बसणारा विणीचा कपडा दीडपटीपर्यंत ताणला जाऊ शकतो, आणि तांब्याची सरळ तार त्या ताणाच्या अल्पशा अंशातच कायमची बिघडते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

शिंप्याला हा धडा शिकविण्याची गरज नाही. कोटाचे बटण शिवताना तो ते कापडाला घट्ट टेकवून शिवीत नाही. बटणाखाली धाग्याची बोटाच्या पेराहून आखूड अशी एक मान ठेवतो आणि तिच्याभोवती धागा गुंडाळतो. मान हलते, म्हणून कापड फाटत नाही. खिशाच्या तोंडाशी जेथे ओढ बसते तेथे तो दाट आडवे टाके घालतो, आणि पातळ कापडावर बटण लावावयाचे असले तर आतून एक जाड तुकडा जोडतो. कठीण आणि मऊ यांची सीमा एकाच रेषेत येऊ देऊ नये, ती पसरट करावी, हेच ह्या सर्व युक्त्यांचे तत्त्व होय. विद्युत्-वस्त्रांच्या अभियंत्यांनी ते जसेच्या तसे उचलले आहे. धागा सरळ न नेता तो नागमोडी शिवतात, म्हणजे कापड ताणले तर नागमोड सरळ होते, धागा ताणला जात नाही. घटकाभोवती सिलिकॉनचा लेप देताना तो मध्यभागी जाड आणि कडेला पातळ ठेवतात.

टिचबटण

डाखाला पर्याय म्हणून जे उपाय निघाले त्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय परकरापासून झबल्यापर्यंत सर्वत्र आढळणारे टिचबटण हा आहे. जर्मनीतील हेरिबर्ट बाउर याने १८८५ साली ह्या बटणाचे एकस्व घेतले, ते कपड्यांसाठी. विजेचा विचार त्यात नव्हता. परंतु बटणाचे कार्य पाहिले तर ते विद्युत्-जोडणीसाठीच जन्मले असावे असे वाटते. त्याचे टोकदार दात कापडात घुसताना धातूचा धागा भोसकून जातात आणि त्याला आपल्या कवेत चेपून धरतात. टेलिफोनच्या दोरीवरील पकडीचेच हे काम होय. बटणाचा वरचा भाग धातूचा असल्याने त्यावर तार डाखता येते, आणि त्या डाखाची उष्णता धाग्यापर्यंत पोचण्यापूर्वीच बटणाच्या पत्र्यात पसरते. त्यावाचून तिसरा लाभ असा की, टिचबटण उघडता येते. घटमाला आणि गणकयंत्र असलेली डबी टच्‌कन काढून ठेवावी, सदरा धुवावा, वाळवावा आणि डबी पुन्हा बसवावी. पोस्ट आणि ऑर्थ यांनी ही सोय १९९७ सालीच दाखवून दिली होती, आणि जयरामन यांच्या सदऱ्यातील संवेदकही कपड्यांच्या बटणांसारख्याच चापांनी जोडले जात.

ज्या वाचकाने रुग्णालयात ईसीजी काढून घेतला असेल त्याने हे बटण आपल्या छातीवर पाहिले आहे. चिकटविण्याच्या गोल पट्टीच्या मध्यभागी जी धातूची बोंडी असते आणि जिच्यावर परिचारिका तारेचे टोक दाबून बसवते, ती टिचबटणाची खालची बाजूच होय. वैद्यकाने शिंप्याकडून घेतलेल्या वस्तूंत सुईदोऱ्यानंतर बहुधा हिचाच क्रमांक लागेल.

दुसरा उपाय सरळ टाक्यांचा आहे. २००७ साली लिया बीकली ह्या अमेरिकन संशोधिकेने तयार केलेली 'लिलीपॅड' नावाची मंडलपट्टी विक्रीस आली. ती चौकोनी नसून फुलासारखी गोल होती आणि तिच्या पाकळ्यांच्या टोकांना सुई जाईल एवढी मोठी, धातूचा थर दिलेली छिद्रे होती. छिद्रातून विद्युत्वाहक धागा तीन-चार वेळा घट्ट ओढून घेतला की जोडणी झाली. आयर्न नको, डाख नको. शाळांतून हिचा पुष्कळ प्रसार झाला, कारण ज्या मुलामुलींना तारेपेक्षा सुई जवळची वाटे त्यांनाही विजेच्या अभ्यासाचे दार तिने उघडून दिले. बर्लिन येथील फ्राउनहोफर संस्थेत हेच काम भरतकामाच्या यंत्राने करवून, वर राळेचे घट्ट आवरण घालून, टाका हलणारच नाही अशी तजवीज करण्यात आली. टाक्याचा दोष असा की, त्यात धागा आणि धातू केवळ एकमेकांना दाबून असतात. दाब कमी झाला की स्पर्शरोध वाढतो. धागा सैल होणे हा तर धाग्याचा स्वभावच आहे. चांदीची पूड घातलेला चिकट लेप लावूनही जोडणी करतात. ती नीटस दिसते, पण वाळल्यावर ताठ होते आणि ताठपणाचे दुखणे पुन्हा उपटते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवा लावावयाचा असेल तर धाग्याचा रोध मोठा शत्रू ठरतो. धाग्याचा रोध १०० ओहम आहे आणि दिव्याला ०.०१ अँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर ओहमच्या नियमाप्रमाणे १ व्होल्ट दाब धाग्यातच खर्च होतो. घट ३ व्होल्टचा आणि लाल दिव्याची गरज सुमारे २ व्होल्टची, म्हणजे शिल्लक काहीच राहिली नाही. घट थोडा उतरला की दिवा मंदावणार. तथापि सांधा क्षणभर हलला आणि दिवा लुकलुकला, तर त्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. ईसीजीचे याच्या उलट आहे. हृदयाच्या ठोक्याने त्वचेवर उत्पन्न होणारा विद्युत्दाब जेमतेम एक सहस्रांश व्होल्टच्या घरात असतो. पण तो मोजणाऱ्या विवर्धकाचा स्वतःचा रोध लक्षावधी ओहम असल्यामुळे धाग्यातील १०० ओहमांची तेथे दादही लागत नाही. मात्र सांधा किंचित हलला, विद्युदग्र त्वचेवरून तसूभर सरकला, की त्या हालचालीने उत्पन्न होणारा खोटा दाब हृदयाच्या खऱ्या दाबाहून मोठा असू शकतो. दिव्याच्या सदऱ्यात धागा चांगला हवा; हृदयाच्या सदऱ्यात सांधा स्थिर हवा.

घाम आणि धुलाई

सदरा घातला की घाम आलाच. घामात मीठ असते आणि मिठाचे पाणी विद्युत्वाहक असते. त्वचा आणि विद्युदग्र यांच्यामध्ये थोडा घाम असणे उपकारकच ठरते; लेपाचे काम तो करतो. पण तोच घाम दोन उघड्या धाग्यांच्या मध्ये साचला की त्यांच्यात चोरवाट तयार होते. त्यातही एका धाग्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण दाब सतत असेल, तर ओलाव्यातून चांदीचे कण एका धाग्यावरून दुसऱ्याकडे सरकू लागतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे बारीक कोंब वाढून अखेर दोन्ही धागे एकमेकांना चिकटतात. हवेतील आणि घामातील गंधकाने चांदी काळवंडते, हे देवघरातील उपकरणी पाहणाऱ्याला सांगावयास नको. टिचबटणाचे निकेल, डाखातील कथील आणि धाग्यावरील चांदी असे निरनिराळे धातू घामाने एकत्र भिजले की त्यांचा एक लहानसा विद्युत्-घटच बनतो, आणि त्यातील एक धातू हळूहळू झिजतो.

धुलाईत पाण्याचा दोष कमी आणि घासण्याचा अधिक. वीज बंद असेल आणि कापड पूर्ण वाळविले तर नुसत्या पाण्याने धाग्याचे फारसे नुकसान होत नाही. परंतु यंत्रात कपडे एकमेकांवर आपटतात, पिळले जातात, आणि प्रत्येक पिळाला त्या ताठ-मऊ सीमेची परीक्षा होते. विरंजक चूर्ण चांदीवर निराळाच हल्ला चढविते. २०१७ साली एका बड्या अमेरिकन संगणक-कंपनीने एका प्रसिद्ध कापड-कंपनीच्या साहाय्याने विद्युत्वाहक धाग्याचे जाकीट बाजारात आणले. त्याच्या बाहीवरील विद्युत्-पट्टी काढून ठेवता येत असे, तरीसुद्धा जाकीट सुमारे दहा धुलायांपुरतेच सांगितलेले होते. ज्या देशात सदरा दर दिवसाआड धुतला जातो, आणि पुष्कळ ठिकाणी अजून दगडावर आपटूनही, तेथे दहा धुलाया म्हणजे तीन आठवडे.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग

सांध्याचा हा स्वभाव फारशा खर्चावाचून पाहता येतो. ३ व्होल्टचा एक चपटा घट, एक लाल एलईडी, वितभर जरीची फीत आणि टिचबटणांच्या दोन जोड्या एवढे साहित्य पुरते. घट रुपयाएवढा असतो आणि तो गिळला गेल्यास अत्यंत घातक ठरतो, म्हणून तो लहान मुलांच्या हाती देऊ नये. प्रथम जर पारखावी. फितीतून एक धागा सोडवून घटाचे एक टोक त्याला लावावे, धाग्याच्या दुसऱ्या टोकाला एलईडीचा एक पाय लावावा, आणि एलईडीचा दुसरा पाय घटाच्या दुसऱ्या बाजूस टेकवावा. दिवा लागला नाही तर पाय उलटे करून पाहावेत, कारण एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो. जर चांदीची किंवा तांब्याची असेल तर दिवा लागतो. आजकाल पुष्कळ जर प्लास्टिकची असते. तिच्यातील धातूचा थर प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली झाकलेला असल्याने ती कितीही चकाकली तरी दिवा लागत नाही. आजीच्या पैठणीवर हा प्रयोग करू नये हे ओघानेच आले.

दिवा लावणारी जर मिळाली की तिच्या दोन धाग्यांनी एलईडी तीन प्रकारे जोडून पाहावा: एकदा धागा पायाभोवती नुसता पिळून, एकदा पायाचे टोक पकडीने वळवून त्या कडीतून चार घट्ट टाके घालून, आणि एकदा धागा टिचबटणाच्या दातांखाली चेपून. मग कापड पन्नास वेळा दुमडावे, चुरगळावे आणि दरवेळी दिवा पाहावा. पिळलेला सांधा सहसा लवकरच लुकलुकू लागतो. टाक्यांचा सांधा किती वेळ टिकतो ते शिवणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते, आणि एखाद्या वर्गात शिवणकामात तरबेज असलेली मुलगी विज्ञानात पहिल्या आलेल्या मुलाला मागे टाकते असेही घडण्याचा संभव आहे.

आता सपाट रेषेकडे पाहणाऱ्या त्या डॉक्टरांकडे परत जावयास हवे. टाका कधीच निसटू नये अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून निसटलेला टाका ओळखण्याची सोय यंत्रात करतात. ईसीजीच्या यंत्रातून विद्युदग्रांकडे एक अत्यंत सूक्ष्म, अँपिअरच्या काही अब्जांश भागांइतका, प्रवाह सोडता येतो. तो इतका अल्प असतो की शरीराला त्याची जाणीव होत नाही. सांधा शाबूत असेल तर तो त्वचेतून फिरून परत येतो. सांधा तुटला असेल तर त्याला वाट उरत नाही, विवर्धकावरील दाब एका टोकाला जाऊन बसतो आणि यंत्र पडद्यावर विद्युदग्र सुटल्याचे लिहिते. हृदय थांबले असता मात्र प्रवाहाची वाट मोकळीच असते. डेबेलच्या सदऱ्यासारख्या वस्त्रात आणखी एक साक्षीदार उपलब्ध असतो. त्यात नाडीची नोंद ईसीजीच्या विद्युदग्रांवाचून, प्रकाशाने, स्वतंत्रपणे होते. ईसीजीची रेषा सपाट झाली आणि प्रकाशाची रेषा मात्र पूर्वीच्याच लयीत वर-खाली होत राहिली, तर डॉक्टरांना रुग्णवाहिका पाठवावी लागत नाही. बिनतारी यंत्रावरून जवानाला एवढेच सांगावे लागते की, छातीवरचे डावीकडील बटण जरा दाबून बसव.